तेबुइरेंग ते जयापुरा

पूर्व जावातल्या जोंबांग जिल्ह्यात चुकीर नावाचा साखर कारखाना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत डचांनी तो उभा केला. कारखान्यामागून जे जे येते ते सगळे तिथे आले. रोजंदारीचा रोख पैसा आला, पगाराच्या दिवशी भरणारा बाजार आला आणि त्यामागे दारू, जुगार, वेश्यावस्ती, वाटमारीही आली. भातशेतीवर जगणाऱ्या आसपासच्या गावांची घडी पार विस्कटली. मक्केहून शिकून आलेल्या हाशिम अशअरी या अठ्ठावीस वर्षांच्या धर्मपंडिताने १८९९ मध्ये नेमकी हीच जागा निवडली. कारखान्याजवळच्या तेबुइरेंग वस्तीत त्याने बांबूचे एक खोपट उभारले. अर्ध्या भागात संसार, अर्ध्या भागात पाठशाळा. सुरुवातीला आठ विद्यार्थी होते असे सांगतात.

त्या खोपटाची गोष्ट पुढे इंडोनेशियाची गोष्ट झाली. हाशिम अशअरींचा मुलगा देशाचा धर्मखात्याचा मंत्री झाला आणि नातू राष्ट्राध्यक्ष झाला. नातवाने सत्तेवर येताच सरकारचे माहिती खाते बंद करून टाकले. त्यानंतर वीस वर्षांनी त्याच देशाच्या सरकारने पूर्व टोकाच्या पापुआतल्या लाखो माणसांचे इंटरनेट तोडले, आणि त्याच वर्षी या पाठशाळांना पहिल्यांदा स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या की एक धागा हाती लागतो. जावातल्या या पाठशाळा सुधारल्या त्या आतल्या माणसांनी आपसांत वाद घातला म्हणून. नवे ऐकायची, वाचायची आणि बोलायची मोकळीक जेव्हा जेव्हा मिळाली, तेव्हा तेव्हा त्यांनी पाऊल पुढे टाकले.

या पाठशाळांना पेसांत्रेन म्हणतात. शिकवणारा तो कियाई, शिकणारा तो सांत्री. कियाईचे घर, मशीद आणि भोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या एवढाच पसारा. सांत्री आपला भात आपण शिजवत आणि बरेचसे कियाईच्या शेतात राबत. ज्यांचे घर जवळच होते ते रात्रीचा पाठ आटोपून परतत. त्यांना ‘वटवाघूळ सांत्री’ असे नाव होते. इयत्ता नव्हती, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. अमुक ग्रंथ अमुक कियाईकडे चांगला शिकवतात असे कळले की सांत्री वळकटी उचलून तिकडे निघे. पाच-सहा पाठशाळा पालथ्या घालून तो स्वतः कियाई होई.

शिकवण्याची पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. ग्रंथ अरबी, पिवळसर कागदावर छापलेले आणि ओळींमध्ये भरपूर जागा सोडलेले. अक्षरांवर स्वरचिन्हे नाहीत, त्यामुळे व्याकरण कळल्याशिवाय शब्दाचा उच्चारही करता येत नाही. कियाई एकेक शब्द वाचतात आणि त्याचा जावानीज अर्थ सांगतात. भोवती मांडी घालून बसलेले सांत्री तो अर्थ त्या शब्दाखाली तिरक्या, बारीक अक्षरांत लोंबता लिहून घेतात. भाषा जावानीज, अक्षरे अरबी वळणाची; या लिपीला पेगोन म्हणतात. शब्द वाक्याचे उद्देश्य असेल तर त्याच्या डोक्यावर छोटासा ‘मीम’ काढायचा, विधेय असेल तर ‘खा’. पान भरले की ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते, पण त्यात प्रत्येक शब्दाचे वाक्यातले काम नोंदलेले असते. या सामुदायिक पाठाला बांदोंगान म्हणतात. सोरोगानमध्ये एकेका विद्यार्थ्याने कियाईसमोर बसून आपला पाठ वाचून दाखवायचा. बाहेरच्या माणसाला ही निव्वळ घोकंपट्टी वाटे. तसे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण वाक्य सोडवल्याशिवाय पुढे सरकताच येत नसे. उणीव होती ती वेगळीच. या पानाबाहेरचे जग त्या पानात येत नव्हते.

डच सरकारला या पाठशाळांचा भरवसा वाटत नव्हता. शेतकऱ्यांच्या बंडांत कियाई पुढे असत हा त्यांचा अनुभव होता. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी गुरुजनांसाठी एक फर्मान काढले. इस्लामी धर्मशिक्षण द्यायचे असेल तर जावातल्या जिल्हा-सरदाराची लेखी परवानगी घ्यायची, विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवायची, काय शिकवतो ते दाखवायचे. सरदाराची मर्जी फिरली की पाठ बंद. वीस वर्षांच्या ओरडीनंतर, १९२५ मध्ये, परवानगीऐवजी नुसती सूचना देणे पुरेसे ठरले. पण १९३२ मध्ये विनाअनुदान खासगी शाळांवर परवान्याचे बंधन आले. त्याविरुद्ध सगळ्या पंथांचे आणि पक्षांचे लोक एक झाले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. कोणी काय शिकवावे आणि कोणी काय ऐकावे, यावर परवान्याची मोहोर हवी हा हट्ट इंडोनेशियाला परक्यांकडून वारशात मिळाला. स्वतंत्र झालेल्या सरकारने तो टाकून दिला नाही, ही दुःखाची गोष्ट आहे.

याच काळात बदलाचे वारे दुसऱ्या बाजूनेही येत होते. योग्यकर्तामध्ये अहमद दहलान यांनी १९१२ मध्ये मुहम्मदिया संघटना काढली. बाक, फळा, इयत्ता आणि त्यांच्या जोडीला धर्मशिक्षण, अशा शाळा त्यांनी सुरू केल्या. जुन्या कियाईंना ही डचांची नक्कल वाटली. मुलांनी बाकावर बसावे की चटईवर, हासुद्धा तेव्हा धर्माचा प्रश्न होता. परंपरावाद्यांनी १९२६ च्या जानेवारीत सुराबाया शहरात आपली नहदतुल उलेमा ही संघटना स्थापन केली आणि तिचे सर्वोच्च पद हाशिम अशअरींकडे गेले.

म्हणजे हाशिम अशअरी परंपरेचे पुढारी. पण त्यांच्याच अंगणात काय चालले होते ते पाहा. तेबुइरेंगमध्ये १९१६ मध्ये त्यांच्या जावयाने इयत्तांची शाळा सुरू केली. तीन वर्षांनी तिथे मलय भाषा, गणित आणि भूगोल आला. पुढे पुतण्याच्या हाताखाली डच भाषा आणि इतिहासही आला. सत्ताधाऱ्यांची भाषा कियाईच्या घरात शिकवली जाते म्हणून काही पालकांनी मुले काढून नेली. हाशिम अशअरी डगमगले नाहीत, आणि जुना पाठही त्यांनी बंद केला नाही.

जवळच्याच देनान्यार गावात त्यांचे शिष्य बिस्री शान्सुरी यांनी १९१९ मध्ये घराच्या मागच्या बाजूला गावातल्या मुलींचा वर्ग भरवायला सुरुवात केली. पेसांत्रेनच्या जगात हे अघटित होते. त्यांनी गुरूंना आधी विचारले नव्हते. हाशिम अशअरी स्वतः येऊन वर्ग पाहून गेले आणि काही बोलले नाहीत. त्यांची ती मूक संमती होती असे शिष्यांनी मानले. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना वाटते, कारण आज पेसांत्रेनमध्ये मुली प्रचंड संख्येने शिकतात आणि त्यांची वाट त्या मागच्या ओसरीतून निघालेली आहे.

हाशिम अशअरींचा मुलगा वाहिद हाशिम १९१४ मध्ये जन्मला. रोमन लिपी तो स्वतःच शिकला आणि हाती लागेल ते वर्तमानपत्र आणि मासिक वाचू लागला. विशीत त्याने वडिलांपुढे एक धाडसी योजना ठेवली. बहुतेक सांत्री काही कियाई होणार नाहीत. ते शेतकरी, व्यापारी, कारकून होणार. मग सगळ्यांनी अरबी ग्रंथांत आयुष्य का घालवावे? बांदोंगान बंद करून नव्या पद्धतीने शिकवावे. वडिलांना कल्पना पटली, तरी सगळे एकदम उलटेपालटे केले तर संस्थेत फूट पडेल ही भीती त्यांना होती. तोडगा निघाला तो असा: मुख्य पाठ तसाच राहील, वाहिदने वेगळी शाळा काढून दाखवावी. १९३० च्या दशकाच्या मध्यावर निझामिया मदरसा सुरू झाला. सत्तर टक्के वेळ सामान्य विषयांना, तीस टक्के धर्माला. इंडोनेशियन, डच आणि इंग्रजी शिकवायचे. पहिल्या वर्षी जेमतेम एकोणतीस मुले आली, पण हे सत्तर-तीसचे प्रमाण पुढे फार दूर गेले.

पोनोरोगोजवळ गोंतोर गावात तीन भावांनी १९२६ मध्ये वडिलोपार्जित पाठशाळा पुन्हा उभी केली आणि दहा वर्षांनी तिथे शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला. गोंतोरचे सांत्री पँट घालत, टाय लावत. वसतिगृहात आपसांत बोलायचे तेही अरबी किंवा इंग्रजीतच. पेसांत्रेनची मालकी सहसा कियाईच्या घराण्याची असते. गोंतोरच्या भावांनी १९५८ मध्ये सारी मालमत्ता वक्फ करून संस्थेच्या हवाली केली आणि वारसा हक्क सोडून दिला. सुधारणेची बोलणी अभ्यासक्रमाभोवती फिरत राहतात, मालकीचा विषय क्वचित निघतो. गोंतोरने त्याला थेट हात घातला.

मग युद्ध आले. जपान्यांनी १९४२ मध्ये जावा घेतल्यावर टोकियोच्या दिशेने वाकून नमन करण्याचा दंडक घातला. तो पाळायला नकार देणाऱ्या हाशिम अशअरींना त्यांनी काही महिने तुरुंगात टाकले. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये, जपान हरल्यावर डच परतण्याच्या बेतात असताना, हाशिम अशअरींनी स्वातंत्र्यासाठी लढणे हे धर्मकर्तव्य ठरवणारा निर्णय दिला आणि सुराबायाच्या लढाईत सांत्री उतरले. १९४७ मध्ये ते गेले. वाहिद हाशिम स्वतंत्र देशाचे धर्ममंत्री झाले आणि १९५३ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, मोटार अपघातात वारले. त्याच गाडीत त्यांचा बारा वर्षांचा मुलगा अब्दुर्रहमान होता. तो वाचला. सारा देश पुढे त्याला गुस दुर म्हणून ओळखू लागला.

राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत १९७५ मध्ये धर्म, शिक्षण आणि गृह या तीन खात्यांच्या मंत्र्यांनी मिळून एक निर्णय काढला. मदरशांनी सत्तर टक्के सामान्य विषय शिकवावेत, त्यांचे प्रमाणपत्र सरकारी शाळेच्या बरोबरीचे मानले जाईल, मुलांना इकडून तिकडे जाता येईल. वाहिद हाशिम यांचे प्रमाण चाळीस वर्षांनी सरकारी कागदावर उतरले. त्यावेळचे धर्ममंत्री मुक्ती अली स्वतः एका पेसांत्रेनचे विद्यार्थी होते. शेतमजुराच्या मुलाला या निर्णयाने विद्यापीठाचे दार उघडून दिले. त्याची किंमतही मोजावी लागली. पिवळ्या पानांचा अभ्यास आक्रसला आणि तीस टक्क्यांत पुरेसा आलीम, म्हणजे धर्मपंडित, तयार होत नाही ही तक्रार सुरू झाली. कित्येक कियाईंनी म्हणूनच सरकारी अभ्यासक्रम नाकारला आणि जुनी पद्धत चालू ठेवली.

कैरो आणि बगदादला शिकून गुस दुर १९७१ मध्ये परतले. एका संशोधन संस्थेत त्यांनी पेसांत्रेनवर लिहायला सुरुवात केली, नियतकालिकांत स्तंभ लिहिले, खेड्यापाड्यांतल्या कियाईंना भेटले. १९८० च्या दशकात तरुण सांत्रींची एक पिढीच उभी राहिली. जमीनधारणा, धरणग्रस्त, कुटुंबनियोजन, स्त्रियांचे हक्क या विषयांवर ती जुन्या फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांतूनच युक्तिवाद शोधू लागली. हे सारे चालले होते ते सुहार्तोंच्या डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माहिती खात्याच्या नजरेखाली. वर्तमानपत्राला त्या खात्याचा परवाना लागे आणि परवाना काढून घेतला की वर्तमानपत्र मेले. १९९४ च्या जूनमध्ये ‘तेंपो’ साप्ताहिकासह तीन नियतकालिके अशीच एका दिवसात बंद झाली. ‘तेंपो’च्या मंडळींनी दोन वर्षांनी इंटरनेटवर आवृत्ती काढली, कारण त्या जागेसाठी परवान्याचा नियमच झालेला नव्हता.

सुहार्तो १९९८ च्या मे महिन्यात गेले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गुस दुर राष्ट्राध्यक्ष झाले. डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हते आणि तब्येत खालावलेली होती. आल्या आल्या त्यांनी माहिती खाते रद्द केले. माहिती ही समाजाची गोष्ट आहे, सरकारने तिची राखण करू नये, ही त्यांची भूमिका होती. मग वर्षअखेरीस ते देशाच्या पूर्व टोकाला जयापुराला गेले. जयापुरा ज्या प्रांतात आहे तो १९६३ मध्ये इंडोनेशियाच्या ताब्यात आला होता, आणि १९६९ मध्ये हजारभर निवडक प्रतिनिधींकडून होकार घेऊन विलीनीकरणावर शिक्का मारण्यात आला होता. सरकारी नाव होते इरियन जाया. गुस दुर यांनी लोकांचे म्हणणे ऐकले आणि प्रांताचे नाव पापुआ असेल असे जाहीर केले. राष्ट्रध्वजाच्या खाली, थोड्या कमी उंचीवर, पापुआचा पहाटताऱ्याचा ध्वज लावायलाही त्यांनी आडकाठी केली नाही. लष्कराला हे रुचले नाही. त्यांचा कारभार विस्कळीत होता, मंत्री सारखे बदलत, संसदेशी त्यांचे पटले नाही आणि २००१ च्या जुलैमध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पण जयापुरातला तो निर्णय पापुअन लोक विसरलेले नाहीत.

त्यांच्या जाण्यानंतर काही आठवड्यांतच माहिती आणि दळणवळणाचे मंत्रिपद नव्या नावाने परत आले. २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक माहितीचा कायदा झाला. तो करताना व्यापाराचे कारण पुढे केले होते, पण त्यातल्या बदनामीच्या कलमाखाली पहिल्याच वर्षांत एका रुग्णालयाबद्दल ई-मेलने तक्रार करणाऱ्या बाईला तुरुंगात बसावे लागले. न्यायालयाने तिला भरायला सांगितलेल्या नुकसानभरपाईसाठी लोकांनी नाणी गोळा केली. २०१६ च्या दुरुस्तीने बेकायदा मजकुराची वाट अडवण्याचा अधिकार सरकारला दिला.

हा अधिकार किती ताणता येतो ते २०१९ मध्ये दिसले. ऑगस्टच्या मध्यावर सुराबायात पापुअन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासमोर जमाव जमला. या विद्यार्थ्यांनी राष्ट्रध्वजाचा अवमान केल्याची आवई उठली होती. जमावाने त्यांना माकड म्हणून हिणवले. १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, पोलिसांनी अश्रुधूर सोडून ४३ विद्यार्थ्यांना उचलून नेले. हा सगळा प्रकार मोबाइलवर चित्रित झाला आणि पापुआत पोहोचला. १९ तारखेला तिथल्या मानोक्वारी शहरात प्रांतिक विधानभवन पेटले. पूर्व जावाच्या राज्यपाल खोफिफा या नहदतुल उलेमाच्या महिला शाखेच्या नेत्या आणि एकेकाळच्या गुस दुर यांच्या मंत्री. त्यांनी पापुअन जनतेची माफी मागितली. जाकार्ताने मात्र वेगळे उत्तर दिले. आधी इंटरनेटचा वेग कमी केला आणि २१ ऑगस्टपासून पापुआ आणि पश्चिम पापुआत मोबाइल डेटा पूर्ण बंद केला. टप्प्याटप्प्याने तो सुरू व्हायला सप्टेंबर उजाडला.

अफवा थांबवण्यासाठी हे केले असे सरकारचे म्हणणे होते. पण अफवा खोडायची तर बातमी हवी, आणि बातमीच अडकून पडली होती. जयापुरात २९ ऑगस्टला इमारती जळत असताना तिथल्या पत्रकारांना छायाचित्र पाठवता येईना, बाहेरच्यांना आपल्या माणसांची खुशाली कळेना. किती माणसे मेली, कोणाच्या गोळीने मेली, यावर सरकारी निवेदनाखेरीज दुसरा आवाज उरला नाही. हक्क तुडवले गेले की नाही हे पाहायचे साधनच काढून घेतले, तर इतर सगळे हक्क कागदावर राहतात. २३ सप्टेंबरला पापुआतल्याच वामेनात तीसहून अधिक माणसे मारली गेली आणि तिथे पुन्हा डेटा बंद झाला.

दुसऱ्याच दिवशी, २४ सप्टेंबरला, जाकार्ताच्या संसदेने पेसांत्रेन कायदा मंजूर केला. बाहेर रस्त्यावर भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे पंख छाटणाऱ्या दुसऱ्या कायद्याविरुद्ध हजारो विद्यार्थी पोलिसांच्या अश्रुधुरात उभे होते. पेसांत्रेन कायद्याने पंचवीस हजारांहून अधिक पाठशाळांना आपापल्या पद्धतीसह मान्यता दिली. पिवळ्या ग्रंथांचे शिक्षण औपचारिक शिक्षणाच्या बरोबरीचे ठरले आणि त्यांच्यासाठी कायम निधीची तरतूद झाली. सत्तर-तीसचे गणित न मांडताही पदवीपर्यंत जाता येईल अशी वाट तयार झाली. हे चांगले झाले. पण मान्यतेबरोबर देखरेख पुरेशी आली नाही. बांडुंगमधल्या एका निवासी धर्मशाळेच्या चालकाने तेरा विद्यार्थिनींवर बलात्कार केल्याचे २०२१ मध्ये उघड झाले. वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागला नव्हता. धर्मखात्याने लैंगिक अत्याचार रोखण्याचे नियम काढले ते त्यानंतर. याआधीच, २०१७ मध्ये, चिरेबोनच्या एका पेसांत्रेनमध्ये स्त्री-उलेमांची परिषद भरली होती आणि तिने बालविवाह व लैंगिक हिंसेविरुद्ध फतवे दिले होते. देनान्यारच्या मुलींच्या नातींनी दिलेला इशारा मंत्रालयाने वेळेवर ऐकायला हवा होता.

पापुआच्या इंटरनेटबंदीविरुद्ध पत्रकारांची स्वतंत्र संघटना आणि डिजिटल हक्कांसाठी काम करणारी एक संस्था न्यायालयात गेली. ३ जून २०२० रोजी जाकार्ताच्या प्रशासकीय न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष आणि माहितीमंत्री या दोघांचीही कृती बेकायदा ठरवली. बेकायदा मजकूर अडवण्याचा अधिकार म्हणजे सगळ्यांचे इंटरनेट तोडण्याचा अधिकार नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र संविधान न्यायालयाने हा अधिकार देणारे कलम रद्द करायला नकार दिला. दोन न्यायाधीशांनी वेगळे मत नोंदवले.

पापुआत बंदी आली त्याच महिन्यात, ५ ऑगस्ट २०१९ ला, काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले होते. पूर्ण वेगाचे मोबाइल इंटरनेट तिथे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला ती बंदी उठवली नाही, पण दोन गोष्टी बजावल्या: बंदी बेमुदत असू शकत नाही, आणि बंदीचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, म्हणजे नागरिकाला त्याला आव्हान देता येईल. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये इंटरनेट बंद झाले, मराठवाड्यातही आंदोलनांच्या वेळी झाले. पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्यात झाले, तर राज्याच्या गृह विभागाकडे तो आदेश मागा, त्याची तारीख, मुदत आणि कारण वाचा, आणि आदेश मिळाला नाही तर लेखी विचारा.